कडत्यात गेलेली जागा

तेलगावच्या चौकात माझं दुकान होतं, तेव्हा लोक माझ्याकडं दोन कामांसाठी यायचे. टीव्हीवर मुंग्या दिसतात म्हणून, नाहीतर कॉम्प्युटरमधली हरवलेली जागा शोधून द्या म्हणून. पहिलं काम मला येत होतं. नाव मात्र दुसऱ्या कामात झालं. दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘धंद्यातलं काहीतरी लिहा’ असं सांगितलं, तेव्हा हे नाव कसं झालं तेच आधी आठवलं.

मी मूळचा रेडिओवाला. पुढं टीव्ही आले. गावात वीज नसली की लोक ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायचे आणि मी तिच्यावर टीव्ही चालवून द्यायचो. एवढ्यावर माझं बरं चाललं होतं. मग दिल्लीत कुणीतरी देश खुला केला आणि त्याचा वारा आमच्या चौकापर्यंत आला. आधी एसटीडीचा पिवळा डबा आला, मग रंगीत टीव्ही हप्त्यावर मिळू लागले, मग कॉम्प्युटर. मी औरंगाबादला जाऊन हार्डवेअरचा कोर्स केला. तिथल्या सरांनी सबंध कोर्सात एकदाच मशीन उघडून दाखवलं आणि त्या दिवशी मी मागच्या बाकावर होतो. तरी परत आल्यावर पाटीवर ‘रेडिओ-टीव्ही’च्या पुढं ‘व कॉम्प्युटर’ एवढं रंगवून घेतलं. जागा कमी पडल्यामुळं शेवटचा ‘र’ पाटीच्या कडेवर आडवा झाला होता. जागेची अडचण अशी पहिल्या दिवसापासूनच माझ्या मागं लागलेली.

माझं पहिलं मोठं गिऱ्हाईक म्हणजे दिंद्रुडचे अप्पा. भुसार मालाची आडत, शिवाय खत-बियाण्याचं दुकान. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग, आणि आवाज असा की बाजारच्या दिवशी त्यांनी तुरीची हर्राशी पुकारली की बसस्टँडवर उभा राहिलेला माणूससुद्धा भाव सांगू शकायचा. त्यांना दोन मुलं. थोरले मन्मथशेठ काट्यावर आणि गोदामात. धाकटा नागनाथ गल्ल्यावर, आणि कॉम्प्युटर हवा हा हट्ट त्याचा.

मशीन बसवायला मी गेलो तेव्हा बघायला अर्धा बाजार जमला होता. आता वाचकांसाठी थोडं सांगतो. हार्डडिस्क म्हणजे कॉम्प्युटरचं गोदाम. जे काही साठवायचं ते तिथं. त्या वेळच्या कॉम्प्युटरची नजर जरा अधू होती. दोन जीबीपेक्षा मोठी खोली त्याला दिसायचीच नाही. त्यामुळं चार जीबीची डिस्क असली की मधे भिंत घालून दोन खोल्या कराव्या लागत. या भिंत घालण्याला पार्टिशन म्हणायचं. पहिल्या खोलीला सी, दुसरीला डी. मी तशा दोन खोल्या केल्या, माईक जोडला, स्पीकर जोडला आणि बाजूला होऊन उभा राहिलो.

अप्पा खुर्चीवर बसून पडद्याकडं बघत होते. म्हणाले, “डिस्क कितीची घेतली आपण?”

“चार पॉइंट तीन, अप्पा.”

“अन् हितं किती दावतंय?”

“दोन अन् दोन, चार.”

“मग वरचं पॉइंट तीन कुठं गेलं, बे?”

याचं खरं उत्तर साधं आहे. डिस्क बनवणारी कंपनी हजाराच्या हिशेबानं मोजते आणि कॉम्प्युटर एक हजार चोवीसच्या हिशेबानं. माल तेवढाच, विकणाऱ्याचं माप लहान आणि घेणाऱ्याचं मोठं. हे कोर्सात सांगितलं होतं म्हणे. मला त्या क्षणी त्यातलं काहीही आठवेना. सगळा बाजार माझ्याकडं बघत होता. घाम पुसत मी म्हणालो, “अप्पा, त्यो कडता हाय.”

कडता म्हणजे आडतीतला जुना रिवाज. शेतकऱ्याचा माल मोजताना पोत्याचं वजन, माती, ओल अशा नावाखाली पोत्यामागं थोडं वजन कापायचं. अप्पांची उभी हयात कडता कापण्यात गेली होती. ते असे हसले की खुर्ची करकरली.

“म्हंजे कंपनीबी आडतवालीच निघाली,” ते म्हणाले. “पर आमी कडता कापतो त्यो मान्सासमोर काट्यावर कापतो. तुजी कंपनी गुपचूप कापती. ते समदं ठीक हाय. पर माजी उरलेली जागा कुठं हाय, ते सांग.”

विषय बदलायचा म्हणून मी आवाज भरून दाखवायचा कार्यक्रम काढला, तर कळलं की माईक आधीपासूनच चालू होता आणि एवढा वेळ सगळं भरलं जात होतं. मी तेच वाजवून दाखवलं. डब्यातून स्वतःचाच आवाज आला तसे अप्पा खुर्चीतून उठले. पुन्हा लावायला लावलं. मग माईक हातात घेऊन तुरीची अख्खी हर्राशी पुकारली. त्यांचं समाधान झालं, माझी सुटका झाली, आणि पॉइंट तीनचा प्रश्न तसाच राहिला.

पुढं नागनाथ सांगायचा की अप्पा रोज दुपारी माल उतरला की माईक घेऊन बसतात. कधी हर्राशी, कधी निजामाच्या काळातल्या गोष्टी, कधी नुसत्या शिव्या. मी मिजाशीत आवाजाचा सगळ्यात वरचा दर्जा लावून ठेवला होता. त्यामुळं त्यांचं खोकणंसुद्धा सिनेमाच्या थाटात भरलं जायचं आणि भरपूर जागा खायचं. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं.

दोनेक वर्षांनी अप्पा वारले. मी माती द्यायला गेलो होतो. मन्मथशेठ त्या दिवशी लातूरच्या बाजारात होते. त्यांना आडत बंद करून कापसाचं जिनिंग टाकायचं होतं, त्यावरून बापलेकांत बोलणं बंद झालं होतं. कितीतरी महिने एका दुकानात बसून दोघं एकमेकांना निरोप नागनाथकरवी द्यायचे. निरोप मिळून ते परतेपर्यंत अप्पांना बसवून झालं होतं. आमच्याकडं लिंगायतांत माणसाला बसवून समाधी देतात. मन्मथशेठ नुसते ओल्या मातीजवळ उभे राहिले.

मग वाटणी झाली. पंच बसले. ट्रॅक्टर थोरल्याला, ट्रॉली धाकट्याला. आडत थोरल्याला, खताचं दुकान धाकट्याला. कॉम्प्युटर एकच होता आणि दोघांनाही लागत होता. पंचांपैकी एकानं पडदा बघितला, त्यावर सी आणि डी अशा दोन खोल्या दिसल्या आणि त्यानं तिथल्या तिथं निकाल दिला. सी थोरल्याचा, डी धाकट्याचा. मला कुणी विचारलं नाही. जगात डिस्कची पार्टिशनं लाखोंनी झाली असतील, पण पंच बसवून झालेलं पार्टिशन ते एकच असावं.

आता यात एक अडचण होती. कॉम्प्युटरचं स्वतःचं बिऱ्हाड सीमध्ये असतं. त्याच्या चुली, त्याची भांडी, त्याचा रोजचा केरकचरा, सगळं तिथं. नागनाथनं मशीन चालू केलं तरी केर मन्मथशेठच्या खोलीत पडायचा. त्यांची जागा काही न करता घटायला लागली. एक दिवस ते माझ्या दुकानात आले आणि पाणीही न पिता म्हणाले, “मधूभाऊ, नागू बांध कोरायलाय.”

“काय कोरायलाय?”

“माज्या सीतली जागा रोज कमी व्हायलीय. म्या काय भरलं न्हाई. मग जाती कुठं? तुमी या अन् बांध सरकवून द्या. माजं मला पायजे.”

मी त्यांना केरकचऱ्याचं सांगितलं. आणखी एक सांगितलं, जे मी अलीकडंच एका पुस्तकात वाचलं होतं. कॉम्प्युटर मोठ्या खोलीत मोठीच पोती वापरतो, आणि एका पोत्यात एकच जिन्नस भरतो. एका ओळीची पावती ठेवली तरी अख्खं पोतं अडतं. आडतीच्या पावत्या हजारानं, म्हणून अर्धी जागा रिकाम्या पोत्यांनी खाल्लेली. मन्मथशेठनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “असंल. पर बांध सरकवा.”

त्या काळात भिंत हलवायची म्हणजे सगळं गोदाम आधी रिकामं करायचं, म्हणजे पुसूनच टाकायचं. पण औरंगाबादच्या एका मित्राकडून मला एक फ्लॉपी मिळाली होती. ती माल न हलवता भिंत सरकवायची. म्हणजे माल हलवायचीच, पण स्वतः एकेक पोतं उचलून पलीकडं रचायची. मन्मथशेठनी विचारलं, “केलंय ना याच्या आधी?” मी म्हणालो, “लई.” केलं होतं एकदा, माझ्याच दुकानातल्या मशीनवर. ते मशीन पुढं टीव्ही ठेवायला कामाला आलं.

दिंद्रुडला जाऊन मी डी उघडला. नागनाथची बिलं, गाणी, एकदोन सिनेमे. तेवढ्यानं खोली भरायला नको होती, पण भरत आली होती. झाकून ठेवलेलं काही आहे का ते बघितलं आणि एक कप्पा सापडला. आत ओळीनं फायली. नाव एकच, अप्पा, पुढं आकडे. मी मागं बघितलं तर नागनाथ दारात उभा. त्यानं मला खुणेनं गोदामात नेलं.

“मधूभाऊ, दादाला सांगू नका.”

“कावून?”

“अप्पा गेले तवा त्याची भेट झाली न्हाई. आता आवाज ऐकला तर त्याला सोसायचं न्हाई. अन् रागात पुसून टाक म्हणला, तर मला सोसायचं न्हाई.” तो पोत्यावर बसला. “अप्पाचं एवढंच हाय माज्याकडं. फोटोबी न्हाई धड.”

शहाणा कारागीर इथं काय करतो ते मला पाठ होतं, कारण मी ते गिऱ्हाइकांना रोज सांगायचो. आधी दुसऱ्या डिस्कवर सगळ्याची नक्कल काढायची, मगच भिंतीला हात लावायचा. माझ्याकडं दुसरी डिस्क नव्हती. ती आणायला औरंगाबादला जावं लागलं असतं, आणि मग मन्मथशेठना कारण सांगावं लागलं असतं. आपल्याला एवढंही येत नाही हे कबूल करण्यापेक्षा लोकांचा बाप पणाला लावणं मला त्या वेळी सोपं वाटलं. नागनाथला मी म्हणालो, “काळजी करू नको.” ते वाक्य आठवलं की अजून मानेवर घाम येतो.

दुपारची वीज जाऊन आली होती, म्हणजे आता संध्याकाळपर्यंत निर्धास्त. सीमधला केर काढला, पोती एका बाजूला रचून घेतली, फ्लॉपी घातली आणि कळ दाबली. पडद्यावर निळी पट्टी सरकायला लागली. डीमधलं एकेक पोतं उचलून पलीकडं जात होतं. मी चहा पीत मन्मथशेठना धंद्यातले बारकावे समजावून सांगत होतो, आणि वीज गेली.

यूपीएस टीं टीं करायला लागला. त्याच्यातली बॅटरी लहान. फार तर थोडा वेळ तग धरणार. पट्टी अर्ध्यावर होती. अर्धं गोदाम अलीकडं, अर्धं पलीकडं, आणि मधली भिंत कुठंच नाही. या अवस्थेत मशीन बंद पडलं तर डी गेला.

मन्मथशेठ उठले. “बंद करा, मधूभाऊ. कावून जाळायलाव बॅटरी? वीज आल्यावर करू.” त्यांनी बटणाकडं हात नेला.

नागनाथनं झेपावून त्यांचं मनगट धरलं. वाटणीनंतर त्यानं थोरल्या भावाला हात लावल्याचं मी पहिल्यांदाच बघितलं.

“बंद करू नको, दादा. अप्पा हायत त्यात.”

“काय हाय?”

“अप्पाचा आवाज. समदा. बंद केलं तर जाईल.”

मन्मथशेठनी त्याच्याकडं बघितलं, पडद्याकडं बघितलं, आणि बाहेर निघून गेले. नागनाथ खाली बसला. मला वाटलं, संपलं. यूपीएसचं टीं टीं जलद व्हायला लागलं होतं.

थोड्या वेळानं मन्मथशेठ आत आले ते ट्रॅक्टरची बॅटरी छातीशी धरून. तेजाबाचं पाणी सांडून पांढऱ्या सदऱ्यावर पिवळे डाग पडत होते. बॅटरी माझ्या पायाशी ठेवून म्हणाले, “तुमी पूर्वी टीव्ही चालवायचात ना याच्यावर. चालवा.”

आयुष्यात एकदाच मला नेमकं येणारं काम नेमक्या वेळी सांगितलं गेलं. यूपीएसचं झाकण काढलं. त्याच्या बॅटरीला ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची, तीही चालू असताना. उलटसुलट जोडली तर दोन्ही संपल्या. तारा मोटारीच्या, दोन्ही काळ्या. एक टोक नागनाथनं धरलं, दुसरं मन्मथशेठनी. मी यूपीएसचं झाकण हातात धरून नुसता सांगायला होतो. “शेठ, तुमची आधी. आता नागू. सोडू नका.” ठिणगी उडाली आणि टीं टीं थांबलं.

पट्टी शेवटाला पोचेपर्यंत दोघं भाऊ उकिडवे बसून तारा धरून होते. तारा बांधून ठेवता आल्या असत्या, हे माझ्या लक्षात काम झाल्यावर आलं. त्या दोघांनाही सुचलं नाही. किंवा सुचलं असेल.

मशीन पुन्हा चालू झालं. डी दिसत होता. पण आतला माल शाबूत आहे का, हे उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. मी नागनाथकडं बघितलं, त्यानं थोरल्या भावाकडं. मन्मथशेठ म्हणाले, “लावा.” मी मधलीच एक फाईल लावली. आधी खोकला आला. मग आवाज: “बोला, साताशे दहा, साताशे दहा, साताशे पंधरा. मन्मथ, काट्याकडं बघ. पोरगं लई सरळ हाय माजं, त्याला कुनीबी गंडवतंय. साताशे वीस.”

मन्मथशेठनी उपरणं तोंडाला लावलं. त्या खोलीत रडायला कुणी कुणाला अडवलं नाही. मीही रडलो, भीती उतरली म्हणून की अप्पांसाठी, ते मला सांगता यायचं नाही.

बऱ्याच वेळानं मन्मथशेठ म्हणाले, “मधूभाऊ, हे नागूच्या वाट्यात कावून?”

नागनाथ म्हणाला, “दादा, तुजा तू घे सीत.”

“माज्यातबी न्हाई पायजे. अप्पाची काय वाटणी हाय का?” ते माझ्याकडं वळले. “तवा एक तुकडा हरवलता ना? पॉइंट तीनचा. अप्पा लई भांडले होते त्याच्यावरून. त्यो ना माजा, ना याचा. त्यो शोधा अन् अप्पाला तिथं ठेवा.”

तो तुकडा हरवलेला नव्हता, कारण तो कधी नव्हताच. फक्त दोन मापांमधला फरक होता. हे सांगायची वेळ ती नव्हती. मी म्हणालो, “शोधतो.”

पुढच्या आठवड्यात मी औरंगाबादहून डिस्क आणली, आधी सगळ्याची नक्कल काढली, ट्रॅक्टरची बॅटरी सुरुवातीपासून जोडून ठेवली आणि मगच फ्लॉपी घातली. थोडी जागा सीमधून घेतली, थोडी डीमधून. नागनाथनं आपले सिनेमे पुसायला सांगितले. मन्मथशेठनी पत्त्यांचा खेळ काढायला सांगितला. त्यानं काडीची जागा वाचली नाही, पण मी बोललो नाही. अशी तिसरी खोली तयार झाली, ई. सामायिक विहीर असते तशी, दोघांची. तिला नाव दिलं अप्पा आणि सगळे आवाज तिथं नेऊन ठेवले. हरवलेली जागा मधूनं काढून दिली, असं मन्मथशेठनी बाजारात सांगितलं. त्यानंतर पार नांदूरघाटाहून लोक डिस्का पिशवीत घालून माझ्याकडं यायला लागले. प्रत्येकाचा तुकडा हरवलेला. मी प्रत्येकाला हजार आणि एक हजार चोवीसचा हिशेब समजावून सांगायचो, ते मान डोलवायचे आणि म्हणायचे, “ते असू द्या, दिंद्रुडच्या शेठचा कसा सापडला?”

काही महिन्यांनी दिंद्रुडला खताच्या दुकानात टीव्ही दुरुस्त करायला गेलो होतो. दुपारची वेळ, माल उतरून झालेला. दोन्ही दुकानांच्या मधल्या खोलीतून अप्पांचा आवाज आला म्हणून मी दारातच थांबलो. मन्मथशेठ पाठमोरे कॉम्प्युटरसमोर बसले होते. कॉम्प्युटरमधली ही एकच गोष्ट ते शिकले होते, ई उघडणं. पहिली फाईल लागली होती, माझी फजिती झाली त्या दिवसाची. माझा घाबरलेला आवाज आला, लोकांचं हसणं आलं, आणि मग अप्पा म्हणाले, “ते समदं ठीक हाय. पर माजी उरलेली जागा कुठं हाय, ते सांग.”

मन्मथशेठ पडद्याजवळ वाकले आणि हळूच म्हणाले, “हितंच हाय, अप्पा. बसा निवांत.”